आजीची मंगेशी, नातवाचं विमान

बॅलार्ड पिअरवरून सुटणारं ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ हे जहाज मूळचं कॅरिबियन समुद्रातलं. फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं, १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं सेवेत आलं, आणि बहामा-कॅरिबियनच्या असंख्य फेऱ्या त्यानं केल्या. २०१७ नंतर काही काळ ते क्युबात हवानालाही जात होतं. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. ज्या सहलीसाठी पूर्वी अमेरिका गाठावी लागायची, ती आता गिरगावातून टॅक्सीनं काही मिनिटांवर आली. दादर-परळ-लालबागहूनही ती फारशी लांब नाही. त्यामुळे आजी-आजोबा, दोन मुलगे, सुना, लेक-जावई आणि नातवंडं असं दहा-बारा जणांचं अख्खं घर जहाजावर चढताना दिसतं, आणि ते बघून मला मनापासून आनंद होतो.

जहाजावर असेपर्यंत या घराची फार काळजी करावी लागत नाही. लिफ्ट असते, खोली जवळ असते, दमलं की आडवं होता येतं. परीक्षा असते ती बंदरावर उतरल्यानंतरच्या सहा-सात तासांची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा आणि चार वर्षांची नात एकाच गाडीत, एकाच उन्हात, एकाच वेळापत्रकावर फिरू लागले की दुपारी दोनच्या सुमारास कोणीतरी रडतं आणि कोणीतरी गप्प होतं. माझं ठाम मत असं की सगळ्यांनी मिळून फिरण्याचा हट्ट बंदरावरच्या दिवसापुरता सोडून द्यावा. घराचे दोन-तीन गट करावेत, प्रत्येकानं आपापल्या बेतानं जावं आणि रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी पुन्हा एकत्र बसावं. गप्पाही मग जास्त होतात, कारण प्रत्येकानं पाहिलेलं वेगळं असतं.

बेत आखायला सुरुवात मात्र घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करावी. इथंच बहुतेक घरांत गडबड होते. सून विचारते, ‘‘आई, गोव्यात उतरल्यावर तुम्हाला कुठं जायचंय?’’ उत्तर ठरलेलं असतं, ‘‘तुम्ही न्याल तिथं. माझं काय!’’ हे उत्तर खरं मानू नये. आपल्या घरांतल्या बायका आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीनं चालल्या आहेत. चारचौघांत विचारलं तर त्या कधीच स्वतःचं मागणार नाहीत. दोघीच स्वयंपाकघरात असताना, किंवा नातीनं एकटीनं बसून विचारलं, तर निघतं काहीतरी. गिरगावातल्या सारस्वत घरात ते बहुतेक वेळा एकच असतं: एकदा कुलदैवताला जाऊन यायचं राहिलंय.

म्हणूनच मुंबईकर मराठी घरासाठी मुरगाव बंदरातला दिवस मला सर्वांत मोलाचा वाटतो. गोव्यात उतरलं की समुद्रकिनारा असं समीकरण झालं आहे, पण त्याच बंदरातून निघणारा फोंड्याचा रस्ता आपल्या इतिहासातून जातो. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा, १५६० मध्ये, भक्तांनी ते लिंग तिथून हलवून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, नेलं. फोंड्याचा तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांचा हात तिथवर पोचत नव्हता. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. कुठ्ठाळी, वेर्णा, केळशी ही तिन्ही गावं मुरगाव बंदराच्याच बाजूला आहेत. जहाजातून उतरून झुआरीच्या पुलाकडे निघालात की कुठ्ठाळी वाटेतच लागते आणि पूल ओलांडला की देव ज्या दिशेनं गेले त्याच दिशेनं तुमची गाडी जाते. हे नातवंडांना गाडीत सांगावं. आजीला ठाऊक असलं तर तिनंच सांगावं. ती मागच्या सीटवरून जे सांगेल ते कुठल्याही गाइडपेक्षा जास्त लक्षात राहील. दीनानाथ मंगेशकरांचा जन्मही याच मंगेशीचा, १९०० सालचा.

आता हिशेब. समजा जहाज सकाळी नऊला धक्क्याला लागलं आणि संध्याकाळी पाचला निघणार आहे. हे आठ तास तुमचे नाहीत. उतरायला रांग असते, ओळखपत्रं तपासली जातात, आजोबांची चाकाची खुर्ची यायची असते; गाडीत बसेपर्यंत दहा वाजले असं धरा. जहाज सुटण्याच्या बराच आधी सगळे परत चढलेले असावे लागतात, ती वेळ जहाजावर रोज जाहीर होते. समजा ती साडेचार असेल, तर घराची वेळ साडेतीन ठरवा आणि ती कोणासाठीही बदलू नका. उरले साडेपाच तास. मंगेशीला जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास धरला की हातात तीन तास राहतात. तेवढ्यात मंगेशी, जवळच असलेली म्हार्दोळची म्हाळसा आणि शांतपणे जेवण एवढं होतं. त्यात जुनं गोवं, पणजीचा बाजार आणि वाटेतली काजूची दुकानं कोंबली की आजीचं दर्शन घाईत होणार. एका दिवसाला एकच मुख्य ठिकाण, हा नियम मला कितीही घरांना कितीही वेळा सांगावासा वाटतो. आणि सकाळी अर्ध्या चड्डीत उतरलेल्या मंडळींनी पिशवीत एक पूर्ण कपडा ठेवावा; गोव्यातल्या देवळांत पेहरावाचे नियम पाळले जातात.

नातवाला देवळात तीन तास बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्यासाठी बोगमाळ्याचं नौदल हवाई संग्रहालय बंदरापासून जवळ आहे. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी खरीखुरी विमानं तिथं उघड्यावर उभी आहेत. सी हॉक १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उडालेली, ती ‘विक्रांत’ पुढं मुंबईत संग्रहालय म्हणून नांगरलेली असताना परळ-लालबागच्या कितीतरी मुलांनी पाहिली होती, आणि ती मुलं आता या नातवाचे बाबा आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असतं. शेजारी बोगमाळ्याचा किनारा आहे, म्हणजे वाळूत खेळणंही होतं आणि परतीचा रस्ताही छोटा राहतो.

गाडी मात्र आधी ठरवा. गोव्यात मुंबईसारखी ओला-उबर मिळत नाही. ‘गोवामाइल्स’ आहे, स्थानिक टॅक्सीवाले आहेत. गाडी गोदीच्या आत येणार की फाटकाबाहेर उभी राहणार, हे चालकाला आदल्या दिवशीच विचारा, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या दोनशे-तीनशे पावलांनीच दिवसभराचा थकवा येतो. जहाज कंपनीची सहल महाग पडते, पण तिचा एक मोठा फायदा आहे: ती बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपण स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. त्यामुळे जवळच्या ठिकाणी स्वतःच्या गाडीनं आणि लांबच्या ठिकाणी कंपनीच्या बसनं जाणं शहाणपणाचं. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये ‘केसरी’ सुरू केल्यापासून मराठी घरांना सहलीत टूर मॅनेजर सोबत असण्याची सवय लागली आहे. आपण आपल्या पायांनी जहाजातून उतरलो की तो मॅनेजर नसतो. घड्याळ आणि माणसं मोजण्याचं काम घरातल्याच कोणीतरी अंगावर घ्यायला हवं.

लक्षद्वीपचा प्रश्न वेगळा आहे. बेटांभोवतीच्या प्रवाळांमुळे मोठं जहाज आत जात नाही. ते बाहेर उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. आपल्या घरांना हे नवं नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची, तेव्हा बऱ्याच बंदरांत ती खोल पाण्यातच थांबायची आणि ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या सगळ्यांना पडावात उतरावं लागायचं. गिरणगावातले आजोबा म्हणतील, ‘‘आम्ही मालवणला हलत्या बोटीतून उड्या मारल्यात, मला काय सांगतोस!’’ त्यांच्या आठवणीचा मान ठेवून सांगायला हवं की तेव्हा गुडघे वीस वर्षांचे होते. जहाज आणि छोटी बोट दोन्ही वरखाली होत असताना मधलं पाऊल टाकणं हाच तिथला सर्वांत अवघड क्षण असतो. शिड्या किती, हात धरायला माणूस असतो का, चाकाची खुर्ची बोटीत घेतात का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावं. समुद्र खवळला असेल तर किनाऱ्यावर उतरणं रद्दही होतं, म्हणून मुलांना मासे दाखवण्याचं वचन देऊन ठेवू नये. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तेव्हा कागदपत्रं वेळेत द्यावीत. आणि नातवंडांना एक गोष्ट निघण्याआधीच समजावावी: प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

ज्याला उतरायचं नाही त्यानं जहाजावर राहावं, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं, डेकवर वारा असतो, चहा मिळतो. पण त्यांच्या सोबतीला कोणीतरी एक थांबावं, आणि प्रत्येक बंदरात तो माणूस बदलावा. दरवेळी थोरली सूनच थांबली तर ती सहल तिची राहत नाही.

कोचीत वारांकडे लक्ष द्या. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, आणि १५६८ मध्ये बांधलेलं परदेशी सिनेगॉग शुक्रवार-शनिवार बंद असतं; शनिवार-रविवार जोडून निघालेल्या घरांची तिथं निराशा होते. त्याच मट्टनचेरीत गोव्यातून परागंदा झालेल्या कोकणी सारस्वतांचं तिरुमला देवस्थान आहे. मंगेशी पाहून आलेल्या आजीला तिथं कोकणी कानावर पडली तर तिचा दिवस सार्थकी लागेल.

दादरचे आई-वडील न्यू जर्सीतल्या मुलाकडे जातात आणि तो त्यांना खऱ्याखुऱ्या कॅरिबियन क्रूझवर नेतो, असंही आता पुष्कळ घरांत होतं. तिथंही हाच हिशेब लागू पडतो. कोझुमेलला उतरून तुलुमचे माया अवशेष बघायचे तर आधी फेरीबोटीनं मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर जावं लागतं आणि पुढं तासभर बस. सत्तरीपुढच्या माणसानं त्यापेक्षा कोझुमेलवरचंच सान हर्वासिओ पाहावं. ग्रँड केमनला जहाज समुद्रात उभं राहतं, म्हणजे पुन्हा छोटी बोट आलीच. कोझुमेलचं घड्याळ उन्हाळ्यात मायामीपेक्षा एक तास मागं असतं आणि मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो; मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावं. आई-वडिलांच्या अमेरिकी व्हिसावर पुन्हा प्रवेश मिळतो ना, आणि प्रत्येक बेटाचा भारतीय पासपोर्टसाठी काय नियम आहे, हे पैसे भरण्याआधी तपासावं. मुलाकडे अमेरिकी पासपोर्ट असेल तर त्याच्यासाठीचे नियम आई-वडिलांना लागू होत नाहीत.

पावसाळ्यात अरबी समुद्रातल्या या फेऱ्या थांबतात. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. गिरगाव-लालबागमधली जुनी माणसं पावसाळी बोटीला अजून नको म्हणतात ते उगाच नाही. दिवाळीनंतर मार्चपर्यंत समुद्र शांत असतो आणि ऊनही सोसतं. बोट लागण्याचा त्रास असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. उलटीच्या गोळ्या मात्र वृद्धांना परस्पर देऊ नयेत. काही गोळ्यांनी झापड येते, प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांना त्या बाधतात. नेहमीच्या डॉक्टरांना विचारून न्याव्यात. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा होतात आणि खोलीत पोचायला उशीर लागतो.

उतरताना प्रत्येकाच्या खिशात, अगदी आजोबांच्या आणि शाळकरी मुलांच्याही, हातानं लिहिलेली एक चिठ्ठी असावी: जहाजाचं नाव, धक्क्याचं नाव, परत चढायची वेळ, घरातल्या दोघांचे फोन नंबर आणि जहाजाच्या स्थानिक एजंटाचा नंबर. हा शेवटचा नंबर जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. तिथं नसेल तर स्वागतकक्षात विचारून लिहून घ्यावा.