मुगुदासाचे लेणे

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो कोरला गेला. त्यात ती आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गाते. त्याने शक, यवन आणि पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचे कूळ निखंदून काढले, क्षत्रियांचा दर्प उतरवला. तो ‘एकब्राह्मण’ होता. आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला.

त्याच डोंगरात आठव्या क्रमांकाचे एक लहानसे लेणे आहे. त्यावरचा लेख अगदी त्रोटक आहे. हे लेणे दासक मुगुदासाने आपल्या परिवारासह दिलेले धर्मदान, इतकेच त्यात म्हटले आहे. राजाचे नाव नाही, साल नाही. दासक म्हणजे मासेमार, असे लेख वाचणाऱ्या पंडितांनी ठरवले. शेजारच्या दुसऱ्या लेखावरून कळते की मुगुदास चेतिक या बौद्ध पंथाच्या उपासकांपैकी होता आणि बोधिगुप्ताचा मुलगा धम्मनंदी याने या लेण्यातल्या भिक्षूच्या चीवरासाठी एक शेत लावून दिले होते. एमिल सेनार यांनी हे लेख १९०५-०६च्या ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. तेव्हापासून राजमातेच्या लेखावर भरभरून लिहिले गेले, मासेमाराच्या वाट्याला मात्र फारतर तळटीप आली.

प्राचीन समाजातली जात समजून घ्यायची तर हे दोन लेख एकत्र वाचायला हवेत. त्यांच्या जोडीला मनुस्मृतीचा दहावा अध्यायही हवा, कारण ती स्मृती साधारण याच शतकांत आकाराला आली. तिथे मासेमार-नावाडी कुठून आले याचे उत्तर दिलेले आहे. निषाद पुरुष आणि आयोगव स्त्री यांच्यापासून दाश जन्मतो, तो नावेवर पोट भरतो आणि आर्यावर्तात त्याला कैवर्त म्हणतात. निषाद आणि आयोगव हे दोघेही आधीच्या संकरातून झालेले. म्हणजे राजाने जो संकर मोडून काढला म्हणतात, त्याचेच अपत्य ठरवलेला माणूस त्याच डोंगरात स्वखर्चाने लेणे कोरवून घेतो आहे आणि आपला धंदा दगडावर न लपवता लिहवतो आहे.

हा पेच सोडवण्याची रीत रामशरण शर्मा यांनी घालून दिली. लंडनमध्ये ए. एल. बाशम यांच्या हाताखाली त्यांनी केलेला प्राचीन भारतातील शूद्रांवरचा प्रबंध १९५८ साली पुस्तकरूपाने आला. त्याआधी, १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा प्रश्न उभा केला होता आणि तो ग्रंथ महात्मा फुल्यांना अर्पण केला होता. शूद्र हे मुळात सूर्यवंशी क्षत्रिय, ही बाबासाहेबांची उपपत्ती शर्मांनी स्वीकारली नाही. पण शूद्रत्व निसर्गदत्त नसून इतिहासात घडलेले आहे, ही मूळ जाण दोघांचीही आहे. शर्मांनी प्रत्येक नियमाला विचारले, राबत कोण होते आणि त्या राबण्याची कुणाला गरज होती? त्यातून दिसले की शूद्राची स्थिती शतकानुशतके तीच राहिली नाही. आधी दास आणि मजूर म्हणून दिसणारा शूद्र गुप्तकाळापर्यंत मोठ्या संख्येने शेतकरी झालेला आढळतो.

वर्णसंकराच्या सिद्धांताची अशीच चिकित्सा विवेकानंद झा यांनी १९७०च्या सुमारास केली. निषादांसारख्या आदिम जमाती आणि निरनिराळे कारागीर चार वर्णांच्या चौकटीत बसेनात, म्हणून कल्पित विवाहांतून त्यांची वंशावळ रचली गेली. मला हे विवेचन पूर्ण पटते. मासेमार नदीकाठी होतेच. त्यांना जन्माला घालण्यासाठी कुणा निषादाला आयोगव स्त्री शोधावी लागली नव्हती.

राजघराण्याचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. कान्हेरीला अमात्य शतेरकाने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची कन्या असल्याचे म्हटले आहे. हा महाक्षत्रप रुद्रदामन असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. त्याचा इ. स. १५०चा जुनागडचा लेखही सांगतो की त्याने सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे संपवले नाही. कार्दमक हे शक. मनूच्या हिशेबी शक म्हणजे क्रियालोपाने वृषल, म्हणजे शूद्रवत, झालेले क्षत्रिय. ज्या घराण्याने संकर थांबवल्याचा डंका पिटला, त्याच घराण्यात शकांची मुलगी सून म्हणून आली. बलश्रीच्या लेखातला तो दावा मी समाजस्थितीचे वर्णन म्हणून वाचत नाही. राजाने कसे असावे याबद्दल ब्राह्मणांच्या ज्या अपेक्षा होत्या, त्या पुऱ्या केल्याची ती जाहीर नोंद आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा शक जावई उषवदात हेच करत होता. नाशिकच्या दहाव्या लेण्यात तो तीन लाख गाई, देवाब्राह्मणांना सोळा गावे आणि दरसाल लाख ब्राह्मणांना भोजन दिल्याचे सांगतो.

पण यावरून बौद्ध लेण्यांच्या छायेत जात नव्हती असे कुणी म्हणू लागले, तर तेही तितकेच चुकीचे आहे. दान द्यायला गाठीला पैसा लागतो. भिंतीवर नाव येते ते पैसा असलेल्याचे. कान्हेरीच्या चैत्याच्या लेखात पाथरवट आणि दगड घोटणारे यांचा उल्लेख तरी आहे. नाशिकला छिन्नी चालवणारे हात अनाम राहिले. चांडाळ तर इथल्या लेखांत कुठेच भेटत नाही, आणि मनू त्याला गावाबाहेर वस्ती नेमून देतो. मुगुदास हा मासेमारांतला सधन माणूस असणार. बाकीच्या नावाड्यांबद्दल त्याचा लेख काहीच सांगत नाही.

तरीही दगड स्मृतीला पुन्हा पुन्हा छेद देतो. तिसऱ्या शतकात नाशिकवर आभीर राजा ईश्वरसेनाचा अंमल होता. मनू आभीरांनाही ब्राह्मण पुरुष आणि अंबष्ठ स्त्री यांच्या संकरातून आलेले मानतो. ईश्वरसेन मात्र सातवाहनांच्या धर्तीवर स्वतःला माठरीपुत्र म्हणवतो. त्याच्या ९व्या वर्षी विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायम ठेवी ठेवल्या. त्यांत कुंभारांच्या श्रेणीकडे १००० कार्षापण होते आणि तेल्यांच्या श्रेणीकडे ५००. तेलाचा एक घाणा दहा कत्तलखान्यांइतका पापाचा, असे मनू म्हणतो आणि तेल्याचे दान घेऊ नये असे ब्राह्मणाला बजावतो. भिक्षूंच्या औषधाचा खर्च मात्र त्या घाण्याच्या व्याजातून चालावा, अशी तजवीज विष्णुदत्तेने करून ठेवली होती.