पेनड्राइव्ह लावला, पण दिसेना

अंधेरी असो की मुलुंड, कॉलेजच्या लॅबमध्ये सबमिशनच्या आठवड्यात हा प्रकार ओळखीचा. पेनड्राइव्ह लावला, त्याचा दिवा लुकलुकला, घड्याळाशेजारी 'सेफली रिमूव्ह'चं चिन्हही आलं. पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये ड्राइव्ह काही दिसत नाही. विंडोज एक्सपीच्या मशीनवर हे सर्रास व्हायचं. अशा वेळी पेनड्राइव्ह बिघडला असं समजू नये. आधी अक्षरांचा घोळ आहे का ते पाहावं.

विंडोजकडे ड्राइव्हसाठी 26 अक्षरं असतात. ए आणि बी फ्लॉपीच्या काळापासून राखीव. समजा, सी आणि डी हार्ड डिस्कने घेतली, ई डीव्हीडीने. पुढचं मोकळं अक्षर एफ, ते पेनड्राइव्हला मिळतं. हे वाटप मशीनच्या पातळीवर होतं, कोणीही लॉगिन केलेलं असो.

नेटवर्कवरच्या फोल्डरचं तसं नसतं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा सर्व्हरवरचा तुमचा फोल्डर एका अक्षराला जोडला जातो, आणि ती जोडणी फक्त तुमच्या लॉगिनपुरती असते. ते अक्षर एफच असेल, तर वाटप करणाऱ्या यंत्रणेला ते दिसत नाही. ती एफ मोकळं समजून पेनड्राइव्हला देते. तुमच्या स्क्रीनवर मात्र एफ म्हणजे सर्व्हरचा फोल्डर, आणि पेनड्राइव्ह त्याच्यामागे झाकला जातो.

'डिस्क मॅनेजमेंट'मधून पेनड्राइव्हचं अक्षर बदलता येतं, पण त्याला ॲडमिनचे अधिकार लागतात. विद्यार्थ्याच्या लॉगिनला ते नसतात, कारण तो बदल सगळ्या मशीनला लागू होतो. स्वतःची नेटवर्क जोडणी मात्र सहसा आपली आपल्याला तोडता येते.

आधी नेटवर्क फोल्डरमधल्या उघड्या फाइली सेव्ह करून बंद करा. मग त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' निवडा. सर्व्हरवरच्या फाइली जागच्या जागी राहतात, सुटते ती फक्त जोडणी. आता पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा. तो एफवर दिसायला हवा. काम झालं की तो 'सेफली रिमूव्ह' करून काढा आणि लॉग ऑफ करून परत लॉगिन करा. जोडणी लॉगिनसोबत आपोआप होत असेल, तर फोल्डर परत येईल.

ड्राइव्ह दिसतो, पण उघडताना 'ॲक्सेस डिनाइड' येतं, तर मामला वेगळा. तिथे पेनड्राइव्हवर बंदी घातलेली असू शकते. अक्षरं बदलून उपयोग नाही, लॅब असिस्टंटनाच विचारावं लागेल.

असिस्टंटनी एका पेनड्राइव्हचं अक्षर बदललं, तर ते मशीन त्या पेनड्राइव्हपुरतं ते लक्षात ठेवतं. उद्या दुसऱ्याचा पेनड्राइव्ह पुन्हा एफवरच अडकेल. म्हणून नेटवर्कचे फोल्डर झेडपासून मागे, वाय, एक्स असे जोडून घ्यायला सांगा. पेनड्राइव्ह सुरुवातीकडून अक्षरं घेत येतात, त्यामुळे दोघांची गाठ सहसा पडत नाही.