दर्या आणि दऱ्या : कळफलकावरील एका दोषाची चिकित्सा

वसईच्या पश्चिमेस दर्या आहे; पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरांत दऱ्या आहेत. या दोन शब्दांतील भेद मराठी भाषकाच्या कानास सहज कळतो. ‘दर्या’ शब्दात र् च्या आघाताने आधीचे अक्षर गुरू होते. ‘दऱ्या’ मध्ये ते लघूच राहते. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतील भेदही याच जातीचा होय. संगणकावर मात्र हा भेद कसा साठविला जातो, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

संगणक अक्षराची आकृती साठवीत नाही, संकेतांचा क्रम साठवितो. युनिकोडमध्ये ‘ऱ्य’ तीन रीतींनी लिहिता येतो : (१) ऱ, हलन्त, य; (२) र, नुक्ता, हलन्त, य; (३) र, हलन्त, शून्य रुंदीचा अदृश्य सांधक, य. पहिल्या रीतीतील ऱ हे अक्षर द्राविडी भाषांतील वर्त्स्य रकाराच्या लिप्यंतरासाठीही योजलेले आहे. पडद्यावर तिन्ही रूपे सामान्यतः एकसारखीच दिसतात. पहिल्या दोन रीती युनिकोडने समतुल्य मानल्या आहेत. तिसरी मानलेली नाही.

आता अशी कल्पना करू की, वसईच्या कोळी, वाडवळी व सामवेदी बोलींचा शब्दसंग्रह अनेक विद्यार्थी मिळून टंकित करीत आहेत. एकाने इन्स्क्रिप्ट कळफलकावरील ऱ ची कळ दाबली; दुसऱ्याच्या कळफलकाने तिसरा क्रम पाठविला. पुढे ‘वाऱ्याचा’ हा शब्द शोधू गेल्यास काहीच नोंदी हाती लागतात. उरलेल्या डोळ्यांस दिसतात, यंत्रास दिसत नाहीत. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्याचे निष्कर्ष अर्थातच चुकतात.

दोष शोधताना कळ, आदानप्रणाली, संपादकाचा साठा आणि टंक हे चार टप्पे पृथक् करावेत. दोन्ही शब्दांचे संकेत प्रथम ताडून पाहावेत. ते भिन्न असतील तर टंक निर्दोष ठरतो. नंतर तोच कळफलक दुसऱ्या संपादकात वापरावा. तेथेही तोच क्रम उमटला, तर दोषाचे मूळ आदानप्रणालीत आहे. साधनांवाचूनही एक परीक्षा करता येते. अनेक संपादकांत बॅकस्पेस एका दाबास एकच संकेत पुसतो. तेथे पहिल्या रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ पाच दाबांत नाहीसा होतो, इतर दोन रीतींनी लिहिलेला सहा दाबांत.

उपाय योजताना एक मोह टाळला पाहिजे. मजकूर ‘स्वच्छ’ करण्यासाठी सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची पद्धत रूढ आहे. तिसऱ्या रीतीतील सांधक गेला की र चा रफार होऊन य वर चढतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. ही चूक पुढे ओळखू येत नाही, कारण उरलेला शब्दही शुद्ध मराठीच असतो.

योग्य मार्ग असा : य किंवा ह पूर्वीचा तिसरा क्रम, मजकूर आत येतानाच, पहिल्या रीतीत बदलावा, शोधशब्दासही तोच नियम लावावा, आणि मूळ प्रत अस्पर्शित ठेवावी. बोलीच्या अभ्यासात ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील रकाराचा उच्चार हाच पुष्कळदा पुरावा असतो. तो जतन करणे हे संकलकाचे पहिले कर्तव्य होय.