मिलिटरीचा ट्रक घ्यायचाय? आधी ‘फॉर्म २१’ बघा, इंजिन नंतर

खंडाळा : ‘आर्मी डिस्पोजल ट्रक, फोर बाय फोर, एक नंबर कंडिशन, भाव समक्ष.’ असे फोटो आणि व्हिडिओ सध्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. टँकरसाठी, क्रेनसाठी, खडी-मुरूम ओढायला किंवा नुसती हौस म्हणून अशी गाडी घ्यावी असं अनेकांच्या मनात येतं. त्यात आपला जिल्हा फौजींचा. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्याकडे आहे, घरटी कोणी ना कोणी सैन्यात राहून आलेला असतो. त्यामुळे मिलिटरीची गाडी म्हटलं की विश्वास लगेच बसतो.

गाडी दणकट असते, हे खरं. पण पहिल्यांदा घेणारा बहुतेक वेळा इंजिनात फसत नाही, कागदात फसतो. तोच ट्रक कागद असेल तर गाडी, आणि कागद नसेल तर भंगार. किंमतही त्याच हिशेबाने मोजायला हवी.

लष्कर गाडी विकतं कसं?

सैन्याला नको झालेल्या गाड्या कोणी जवान किंवा अधिकारी परस्पर विकत नाही. त्या सरकारी मालमत्ता असतात आणि लिलावातच जातात. हे लिलाव मुख्यतः एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात. पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही कंपनी १९६४ पासून आहे, मुख्यालय कोलकात्याला. सरकारच्या जेम पोर्टलवरही जुन्या सरकारी वस्तूंचे लिलाव होतात.

लिलावाची पद्धत अशी. आधी पोर्टलवर खरेदीदार म्हणून नोंदणी करायची, अनामत रक्कम भरायची. मग कॅटलॉग वाचायचा. गाड्या ‘लॉट’मध्ये विकतात. कधी एका लॉटमध्ये एक गाडी असते, कधी दहा. दहाचा लॉट असेल तर एकच गाडी मिळत नाही, सगळा लॉट उचलावा लागतो. म्हणूनच छोटा माणूस शेवटी व्यापाऱ्याकडे जातो.

अट असते ‘जसं आहे तसं, जिथे आहे तिथे’. म्हणजे डिपोत उभी आहे त्या अवस्थेत गाडी तुमची. आतून बॅटरी गेलेली असो की सेल्फ, तक्रार चालत नाही. ठरलेल्या तारखांना प्रत्यक्ष पाहणी करता येते, ती चुकवू नका. बोली जिंकल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे भरायचे, त्यावर कर द्यायचा आणि मुदतीत गाडी हलवायची. उशीर झाला तर जागाभाडं चढतं, नाहीतर अनामत जाते. काही लॉटवर सर्वात मोठी बोली लावली तरी विक्री मंजुरीवर अवलंबून असते, तेही कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं.

‘फॉर्म २१’ म्हणजे काय?

सैन्याच्या गाड्यांची नोंद आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे त्यांची नोंदणी वेगळी होते. वर टोक असलेला बाण आणि पुढे आकडे, असा त्यांचा नंबर असतो. बाणानंतरचे पहिले दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात आली ते वर्ष. ०९ असेल तर २००९.

गाडी सैन्याच्या कामातून बाहेर पडली की त्या नोंदणीचा आधार संपतो. मग आपल्या गाडीला लागतो तसाच नंबर तिलाही घ्यावा लागतो. सातारा आरटीओचा एमएच-११, सांगलीकडे एमएच-१०. बाणाचा नंबर तसाच ठेवून कोणी रस्त्यावर ट्रायल देत असेल तर तिथूनच मागे फिरा.

नवीन नंबर मिळवण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ‘फॉर्म २१’, अर्थात विक्री प्रमाणपत्र. नवी गाडी घेताना हा फॉर्म शोरूम देते. लिलावातल्या मिलिटरी गाडीसाठी तो संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने द्यायचा असतो, तशी सोय नियमातच आहे. त्यावर घेणाऱ्याचं नाव, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. हा मूळ कागद घेऊन ‘फॉर्म २०’ मध्ये नोंदणीचा अर्ज होतो.

आता व्यापाऱ्याकडून गाडी घेताना काय होतं ते बघा. लिलाव त्याने घेतलेला असतो, म्हणजे फॉर्म २१ वर नाव त्याचं. त्याने गाडी स्वतःच्या नावावर पास करून घेतलीच नाही, तर तुमच्या हातात राहतात झेरॉक्स आणि ‘होऊन जाईल की’ हे आश्वासन. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने सरळ नियम करावा : ज्या गाडीला आरटीओचा नंबर पडलाय आणि आरसी बुक तयार आहे, तीच घ्यायची. नंबर एमपरिवहन अॅपवर टाकून फिटनेसची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा तपासता येतो. परराज्यातली गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी आधी, पैसे नंतर.

स्क्रॅपच्या लॉटपासून सावध

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवली जात नाही. त्या मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढायच्या, असा नियम आला. देशाच्या संरक्षणासाठी वापरात असलेल्या चिलखती आणि खास गाड्यांना या नियमात सूट आहे. पण लिलावात ‘फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी’ असे लॉट असतात. त्यातली गाडी तोडण्यासाठी दिलेली असते, चालवण्यासाठी नाही. कोणी अशी गाडी रंगरंगोटी करून ‘चालू आहे’ म्हणून दाखवली, तरी तिला नंबर मिळणार नाही.

त्यामुळे व्यापाऱ्याला विचारा : लिलावाचा कॅटलॉग दाखवा, लॉट नंबर दाखवा, विक्री कोणत्या अटीवर झाली ते दाखवा. खरा माणूस दोन मिनिटांत मोबाईलवर दाखवतो.

‘फक्त शेतात वापरायचीय’ हे चालतं का?

आपल्याकडे सर्रास बोललं जातं की रस्त्यावर आणायचीच नाही, मग नंबर कशाला? कायद्याचं कलम ३९ म्हणतं की नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवता येत नाही. मळ्यातून मळ्यात जाताना गावचा रस्ता ओलांडावाच लागतो. नोंदणी नसलेली गाडी पकडली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, पुढच्या वेळी त्याहून जास्त.

पण दंड ही छोटी गोष्ट आहे. मोठी गोष्ट अपघाताची. नोंदणी नसलेल्या गाडीचा विमा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या एका निकालात नाकारला आहे. ते प्रकरण गाडीच्या नुकसानीचं होतं. उद्या तुमच्या बिननंबरी ट्रकखाली कोणी सापडलं आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाई मालकाच्या घरादारावर आणि जमिनीवर येते. स्वस्तात पडलेला ट्रक तेव्हा फार महाग पडतो.

गाडी कोणती, काम कोणतं?

डिस्पोजलमध्ये साधारण ही नावं ऐकू येतात :

शक्तिमान – जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेला ट्रक. आता फार जुना झाला. सुटे भाग मिळणं हीच मुख्य अडचण.

स्टॅलियन – अशोक लेलँडचा, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतही जोडलेला. खडबडीत रानात ५ टन आणि रस्त्यावर साडेसात टन, अशी त्याची क्षमता सांगितली जाते. म्हणजे आकार बघून ‘दहा टन सहज ओढेल’ असं धरू नका.

टाटा ७१३ – अडीच टनी फोर बाय फोर. आकाराने आटोपशीर.

जोंगा आणि जिप्सी – हे ट्रक नाहीत, पण हौशी लोक यांच्याच मागे असतात. जोंगा निस्सानच्या पेट्रोल गाडीवरून जबलपूरला बनली, उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. पेट्रोल भरपूर पिते. जिप्सी मारुतीची, सुटे भाग त्यामानाने मिळतात.

फोर बाय फोर ट्रकचा खरा उपयोग चिखलात, चढावर आणि ओढकामात. म्हणून असे ट्रक क्रेन आणि टोइंगसाठी, जंगलातून लाकूड काढायला जास्त वापरले जातात. शिरवळ ते लोणंद डांबरी रस्त्याने कांदा न्यायचा असेल, तर पुढच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणा नुसती ओझं आहे. ती डिझेल खाते आणि देखभाल मागते. हिशेबापुरतं धरा, साधा ट्रक लिटरला ५ किलोमीटर देतो आणि हा ३ देतो. १५० किलोमीटरच्या फेरीला साध्याला ३० लिटर लागतात, याला ५०. महिन्याला वीस फेऱ्या धरल्या तर ४०० लिटर डिझेल जादा. खरेदीत वाचलेले पैसे पंपावर जातात.

पाहणीला जाताना

सोबत जड गाड्यांचा फिटर न्या. त्याला दिवसाची हजेरी द्या, पण न्याच.

चेसिस नंबर स्वतः कागदाशी ताडा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर विषय संपला. चेसिसला तडा आहे का, वेल्डिंगचे जोड आहेत का, हे खाली वाकून बघा. इंजिन थंड असताना चालू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर शंका घ्या. फोर बाय फोरचा लिव्हर टाकून मोकळ्या मातीच्या जागेत पुढची चाकं खरंच ओढतात का बघा. गिअर बॉक्समागच्या ट्रान्सफर केसमधून आवाज येतो का, पुढच्या हबमधून तेल गळतं का, तेही तपासा. हे भाग बिघडले तर आपल्या गॅरेजला सहज मिळत नाहीत.

मिलिटरीची गाडी कमी चाललेली असू शकते, पण वर्षानुवर्षं उभी राहिलेली असते. उभ्या गाडीचं रबर मरतं. ब्रेकचे पाइप, होज आणि सील बदलावे लागतात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो : २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी टायर जुना असतो. त्या मापाचा टायर लोणंद, शिरवळ किंवा साताऱ्यात मिळतो का, हे आधीच विचारा.

गाडीच्या भावावर आणखी काय लागतं?

डिपोतून गाडी आणायला तात्पुरती नोंदणी, नाहीतर ट्रेलरचं भाडं. रंग बदलणं सक्तीचं आहे, कारण संरक्षण खात्याशिवाय कोणाच्याही गाडीला तो हिरवट ऑलिव्ह ग्रीन रंग नियमाने चालत नाही. त्यानंतर नोंदणी, रोड टॅक्स, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, परमिट. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर फिटनेस दर वर्षी. टँकर किंवा क्रेन बसवायची तर बदलाला आरटीओची मंजुरी. चालवणाऱ्याकडे जड वाहनाचं लायसन्स. हे सगळं कागदावर मांडा. मग गाडीचा फोटो आणि कागदांच्या प्रती घेऊन, पैसे द्यायच्या आधी, आपल्या आरटीओत जाऊन विचारा : ‘या गाडीचं पासिंग होईल का?’ एजंटाच्या ‘हो’ला किंमत नाही.

माजी सैनिकांसाठी

माजी सैनिक आणि सेवेत असताना मृत्यू पावलेल्या जवानांच्या पत्नी यांना सैन्याच्या जुन्या गाड्या देण्याची योजना पुनर्वसन महासंचालनालयाची, म्हणजे डीजीआरची आहे. घरात कोणी पात्र असेल तर आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. मात्र दुसऱ्याच्या पैशासाठी आपलं नाव वापरू देऊ नका. गाडी तुमच्या नावावर, तर जबाबदारीही तुमचीच.

फोनवरचा ‘फौजी’

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात द्यायचीय’ असं सांगून फसवणूक करणाऱ्या टोळ्या देशभर आहेत. वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड आणि आधार ते स्वतःहून पाठवतात. गाडी ‘आर्मीच्या ट्रान्सपोर्टने’ येईल म्हणून आधी थोडे पैसे मागतात, मग टॅक्स, मग डिपॉझिट. गाडी कधीच येत नाही. जवान स्वतःची खासगी गाडी विकू शकतो, पण तिला साधा आरटीओ नंबर असतो. सरकारी ट्रक तो विकूच शकत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

पैसे गेलेच तर लाजू नका आणि थांबू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

गाडी बघायला जायच्या आधी फोनवर एवढं विचारा : आरसी तयार आहे का? नसेल तर मूळ फॉर्म २१ कोणाच्या नावावर आहे? चेसिस नंबरचा फोटो पाठवता का? यातल्या एकाही प्रश्नाला ‘तुम्ही या तर खरं, मग बघू’ असं उत्तर आलं, तर गाडीभाडं खर्च करून जाऊ नका.