घरातील वायफाय व दूरची खोली

वायफायचे संदेश रेडिओलहरींवरून जातात. २.४ गिगाहर्ट्‌झ कंपनसंख्येच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे ६ सेंटिमीटर असते. दुसरीवरून माहिती अधिक वेगाने जाते. परंतु भिंत ओलांडताना ती अधिक क्षीण होते. म्हणून राउटर प्रथम घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. तेवढ्याने न भागल्यास एक्स्टेंडर योजावा. तो आलेला संदेश ऐकून पुन्हा उच्चारतो. जे त्यालाच ऐकू येत नाही, ते तो पुढे सांगणार कसे? यास्तव तो लहरी न पोहोचणाऱ्या खोलीत न ठेवता वाटेत, लहरी सबळ असतील तेथे ठेवावा. ऐकणे व बोलणे एकाच वाहिनीवर झाल्यास वेग जवळजवळ निम्मा होतो. मेश पद्धतीत अनेक केंद्रे मिळून एकाच नावाचे जाळे विणतात. ती परस्परांशी तारेने जोडल्यास हा तोटा टळतो.