आजोबांची रायफल: गोष्ट एक, शिक्के अनेक

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात पलटणीत भरती होणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाट. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर घरटी सैनिक देणारं गाव म्हणूनच ओळखलं जातं. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. अशा मुलखात वारसाने आलेल्या जुन्या रायफलीबरोबर एक गोष्टही हमखास येते: आजोबांनी ती लढाईवरून आणली.

ही गोष्ट बहुधा खरी नसते. शिपायाची रायफल सरकारची. नोकरी संपली की ती जमा. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात कुट इथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जिथून माणसंच कैदेत गेली, तिथून हत्यार घरी येण्याची गोष्टच सोडा. शिवाय १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. म्हणून घरातली रायफल बहुतेक वेळा रणांगणावरून नव्हे, तर शिकारीच्या किंवा पीकरक्षणाच्या परवान्यावर आलेली असते.

तरी ती लष्करी दिसते, याचं कारण सोपं आहे. इंग्रज फौजेची ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, हिच्या सांगाड्यावर शिकारी रायफली बनत. सैन्याचं काडतूस खासगी हातात जाऊ नये असं सरकारी धोरण होतं. म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानासाठी .३१५ बोअरच्या रायफली काढल्या. त्यांचं काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं. पुढे बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने हीच .३१५ बनवली. दुसरा प्रकार म्हणजे खरोखरची लष्करी रायफल छाटलेली: पुढचं लाकूड कापलेलं, नळीच्या तोंडाची लोखंडी टोपी काढलेली, कधी नळीही आखूड केलेली.

दोन्हींतला फरक शिक्के सांगतात. जुन्या लष्करी रायफलीत दस्ता जिथे लोखंडात बसतो, त्या पट्टीच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं. पारतंत्र्यातल्या इशापूरच्या मालावर मुकुटाखाली 'जी.आर.आय.' दिसतं, स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बाणाची खूण म्हणजे सरकारी मालकी. टोकाला टोक भिडलेले दोन बाण म्हणजे माल सरकारी खात्यातून रीतसर विकला गेला. 'डी.पी.' हा शिक्का कवायतीच्या रायफलीचा. ती कधीच झाडायची नसते. नळी, बोल्ट आणि सांगाडा यांवरचे क्रमांक एकच असतील तर भाग बहुधा मूळचे आहेत, वेगळे असतील तर मध्ये कुणीतरी बदल केला आहे. कोकणच्या दमट हवेत हे शिक्के गंजाखाली जातात. ते वाचायला हलकं तेल आणि मऊ फडकं पुरे. पॉलिश पेपर मारला की पुरावाच घासून जातो.

बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, मात्र नजरेच्या अंदाजाने ठरवू नये आणि काडतूस घालून तर मुळीच नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून ते मोजून घ्यावं, कारण सगळा निकाल त्यावरच लागतो. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली आपल्याकडे निषिद्ध बोअरच्या. पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्रीचंच रूपांतर करून बनवलेली .४१० मस्केटही त्यातच. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, आणि तो नसताना असं हत्यार बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षांची शिक्षा आहे. .३१५ ला जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना पुरतो. आपल्यासाठी ते कार्यालय अलिबागला.

परवाना वारसाबरोबर आपोआप चालत नाही. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. नव्या परवान्यानंतरही एका माणसाकडे दोनच हत्यारं राहू शकतात. वारसाहक्काचं हत्यारही त्या मोजणीत धरलं जातं. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं तशा पुरात कागद पाण्यात गेले असतील, तर परवान्याची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयातून काढणं हे पहिलं काम.

आता किंमत. इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी रायफली स्वस्तात निघाल्या आणि बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी त्या छाटून शिकारीच्या केल्या. आज तिथला संग्राहक न छाटलेल्या रायफलीला जास्त पैसे देतो. आपल्याकडे गणित उलटं आहे. अस्सल, अभंग थ्री नॉट थ्रीला खुल्या बाजारात गिऱ्हाईकच नाही, कारण तिचा परवाना सामान्य माणसाला मिळत नाही. कागद नीट असलेली .३१५ विकली जाते. बीएसएची असेल तर भाव अधिक, कारण १९८० च्या दशकापासून हत्यारांची खासगी आयात जवळजवळ बंद आहे. खासगी विक्री करायची तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. थोडक्यात, आधी बोअर, मग कागद, मग नळीची अवस्था, आणि सर्वांत शेवटी वय. घराण्याच्या गोष्टीला या हिशेबात रकाना नाही.

आजोबांची लढाई शोधायची असेल तर ट्रंकेतली पदकं काढावीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. रायफलीवर कारखान्याचं नाव असतं, शिपायाचं नसतं.