लाटेवर उभे राहण्यापूर्वी : मीना अल-अहमदी ते अल-अश्खरा

मंगाफ, फहाहील, अबू हलीफा आणि महबूला येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुलांना समुद्र नवा नाही. बाल्कनीतून तो दिसतो, शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या काठी चटया पसरल्या जातात, आणि मीना अल-अहमदीच्या धक्क्यांवर तेलवाहू जहाजे उभी असलेली ती लहानपणापासून पाहत आली आहेत. आता या मुलांनी हट्ट धरला आहे तो त्या पाण्यावर फळी टाकून लाटेवर उभे राहण्याचा, म्हणजे सर्फिंगचा. हट्ट चांगला आहे. तो पुरवताना मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. सहलीची आखणी करणाऱ्या आईवडिलांपैकी बहुतेकांना स्वतःला पोहता येत नाही. म्हणून या लेखात आधी वाऱ्याचा, नंतर पोहण्याचा आणि शेवटी प्रवासाचा विचार केला आहे. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे.

येथील वारा आणि येथील लाट

मीना अल-अहमदी हे मुळात तेलाचे बंदर. ३० जून १९४६ रोजी कुवेतच्या कच्च्या तेलाची पहिली निर्यात याच किनाऱ्यावरून झाली आणि १९४९ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. आपल्यापैकी अनेकांची चूल या कारखान्यावर, बंदरावर किंवा त्यांच्या कंत्राटांवर पेटते. बंदराच्या धक्क्यांभोवतीचा समुद्र सुरक्षेच्या कारणाने प्रतिबंधित आहे, तेव्हा तेथे फळी घेऊन उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु त्याच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या मोकळ्या किनाऱ्यांवरही खरे सर्फिंग होत नाही. याचे कारण समजून घेतले, तर सहलीची निम्मी आखणी आपोआप होते.

लाट वाऱ्यामुळे जन्मते. वारा किती जोराचा, किती वेळ आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर तिचा आकार ठरतो. आपले आखात उथळ आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ३५ मीटर. होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीमुळे महासागरात दूरवर उठलेल्या लाटा येथवर पोहोचत नाहीत. येथे दिसते ती स्थानिक वाऱ्याने उठवलेली, आखूड आणि घाईघाईने फुटणारी लाट. एका लाटेमागून दुसरी लाट चार सेकंदांनी येत असेल, तर खोल पाण्यात त्या दोहोंमधले अंतर जेमतेम २५ मीटर असते. हेच अंतर दहा सेकंदांचे झाले, की ते दीडशे मीटरांच्या पुढे जाते. दुसऱ्या प्रकारच्या लाटेत फळीला उचलून दूरवर नेण्याची ताकद असते, पहिल्या प्रकारच्या लाटेत फक्त खळबळ असते.

कुवेतचा प्रमुख वारा म्हणजे वायव्येकडून येणारा शमाल. जून-जुलैमध्ये तो दिवसेंदिवस वाहतो आणि धूळ उडवतो. आपला किनारा पूर्वाभिमुख असल्यामुळे शमाल जमिनीवरून तिरका समुद्राकडे जातो. शाळेच्या भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो. शमालची दिशा येथे मतलई वाऱ्यासारखी, पण जोर कितीतरी अधिक. परिणामी काठाजवळचे पाणी सपाट आणि निरुपद्रवी भासते. त्याच सपाट पाण्यावर हवा भरलेली गादी किंवा फळी घेऊन उतरलेले मूल मात्र काही मिनिटांत खोल समुद्राकडे ढकलले जाते. शांत दिसणारा काठ आणि पाठीमागून येणारा वारा, हा येथील सर्वांत फसवा मेळ होय. याउलट हिवाळ्यात थंड हवेची लाट येण्यापूर्वी आग्नेयेकडून कौस वाहतो. तो समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो आणि बऱ्यापैकी लाटा उठवतो, पण त्या विस्कळीत असतात आणि लगेच विरतात.

तेव्हा मीना अल-अहमदीचा किनारा पोहण्याच्या सरावाचा आहे. लाटेसाठी खुला समुद्रच गाठावा लागेल.

विहीर ज्यांना बंद होती

पोहणे शिकण्याची महाराष्ट्रातील जुनी शाळा म्हणजे गावची विहीर. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून मुलाला पाण्यात ढकलायचे आणि काठावर थोरांनी उभे राहायचे, ही तिची पद्धत. या शाळेचे दार आपल्या आजोबा-पणजोबांना उघडे नव्हते. जेथे घागर बुडवण्यास मज्जाव होता, तेथे उडी मारणे दूरच राहिले. नदीवरही आपला पाणवठा गावाच्या खालच्या अंगाला. काहींनी डोहात, काहींनी पुराच्या पाण्यात ही विद्या स्वतःच्या हिमतीवर मिळवली. परंतु बापाने लेकीला पोहायला शिकवावे, तिने आपल्या मुलांना शिकवावे, अशी परंपरा बहुसंख्य घरांत तयारच होऊ शकली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ चा मार्च उजाडला. हक्क कागदावर सिद्ध झाला तरी पाण्याची भीती अंगातून जाण्यास आणखी पिढ्या लागतात, हे आपण आपल्याच घरांत पाहतो.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी येथे सार्वजनिक किनारा कृष्णवर्णीयांना बंद होता. डॉ. गिल्बर्ट मेसन यांनी १४ मे १९५९ रोजी काही सोबत्यांसह त्या समुद्रात पाऊल टाकले. २४ एप्रिल १९६० रोजी तेथे जमलेल्या लोकांवर जमावाने हल्ला केला. किनारा सर्वांना खुला होण्यास १९६८ साल उजाडले. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

महाडच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १९२७ रोजी, लॉस एंजलिसमध्ये निक गॅबाल्डन या मुलाचा जन्म झाला. आई मेक्सिकन वंशाची नि वडील कृष्णवर्णीय की उलट, हा प्रश्न महत्त्वाचा नाही. दोन्ही वारसे त्याच्याकडे होते. सँटा मोनिका येथे 'इंकवेल' असे हिणवले जाणाऱ्या, कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेल्या किनारपट्टीवर तो सर्फिंग शिकला. उत्तम लाटा मालिबूला होत्या. तेथे पोहोचण्यासाठी तो फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी कापत, सुमारे १९ किलोमीटर समुद्रातून जात असे. ५ जून १९५१ रोजी मालिबूच्या धक्क्याच्या खांबांवर आदळून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आयुष्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. समुद्रावर कोणाची मालकी नसते, ही पहिली. आणि कितीही निष्णात असलो तरी धक्क्याच्या जवळ लाट घेऊ नये, ही दुसरी.

वाऱ्याचे गाव : अल-अश्खरा

कुवेतहून आटोक्यात असणारे खऱ्या लाटांचे ठिकाण म्हणजे ओमानमधील अल-अश्खरा. जालान बनी बू अली विलायतेतील हे मासेमारीचे गाव रास अल-हद्दच्या दक्षिणेस, थेट अरबी समुद्रावर आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे नैर्ऋत्य मोसमी वारा अखंड वाहतो. त्यामुळे समुद्राच्या तळाचे थंड पाणी वर येते आणि मस्कत भाजून निघत असताना या गावात हवा सुखद असते. हाच वारा पुढे अरबी समुद्र ओलांडून कोकणात पाऊस घेऊन जातो. अल-अश्खराच्या वाळूत उभे राहिलो तर समोरच्या काठावर सावित्रीचे मुख आहे आणि त्या नदीच्या वरच्या अंगाला महाड.

भर मोसमात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या मध्यास, वारा आणि लाटा दोन्ही जोरात असतात. हा काळ सरावलेल्यांचा. नवशिक्यांनी सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा. तेव्हा वाऱ्याचा जोर ओसरू लागतो, मात्र समुद्रातली लाट लगेच थांबत नाही. शाळेच्या वेळापत्रकामुळे ऑगस्टमध्येच जावे लागले, तर मोठ्यांनी लाटा पाहण्याचा आनंद घ्यावा आणि मुलांना प्रशिक्षकाच्या हाताखाली कमरेइतक्या पाण्यातल्या फेसाळ लाटांपुरते मर्यादित ठेवावे.

सहलीची आखणी

सहल सप्टेंबरमध्ये असेल, तर तयारी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सुरू व्हावी. ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने जलतरण तलावातले. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरेशा आहेत. एप्रिल-मे मध्ये, पाणी कोमट झाल्यावर, वारा समुद्राकडे वाहत नसेल त्या सकाळी काठाला समांतर पोहण्याचा सराव करावा. खोलीकडे जाऊ नये. कसोटी दोनच ठेवाव्यात. न थांबता २०० मीटर पोहता आले पाहिजे आणि पाच मिनिटे पाठीवर तरंगत राहता आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी ज्यांना जमत नाहीत, त्यांनीही सहलीला जरूर यावे, मात्र गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ नये. वय, नाते किंवा हौस यांपैकी कशानेही ही अट सैल होऊ नये.

प्रवासाची कागदपत्रे महिनाभर आधी हाती घ्यावीत. १ जुलै २०२५ पासून कुवेतमधील खासगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्यांना देशाबाहेर जाण्यापूर्वी मालकाच्या संमतीने निर्गमन परवाना घ्यावा लागतो. चार दिवसांच्या सहलीलाही हा नियम लागू आहे. ओमानचा व्हिसा, रहिवासी परवान्याची शिल्लक मुदत आणि भाड्याच्या गाडीसाठी वाहनपरवाना चालतो की नाही, ही चौकशी प्रत्येकाने स्वतःपुरती करावी, कारण व्यवसाय आणि मुदतीनुसार नियम बदलतात.

मस्कतपर्यंतचे विमान सुमारे दोन तासांचे. तेथील घड्याळ एक तास पुढे. पुढचा रस्ता सुमारे तीनशे किलोमीटरचा आहे आणि तो दिवसाच पार करावा. रात्री रस्त्यावर उंट येतात आणि किनाऱ्याजवळ वाऱ्याने वाळूचे ढीग डांबरावर सरकलेले असतात. गावात मुक्कामाची सोय मोजकी आहे आणि उन्हाळ्यात थंडाव्यासाठी ओमानी कुटुंबेही येथे येतात, म्हणून खोल्या आधीच ठरवाव्यात. फळी आणि प्रशिक्षक यांची व्यवस्थाही निघण्यापूर्वीच पक्की असावी. नवशिक्याला आठ-नऊ फुटांची, वरून मऊ फोमची फळी योग्य. पायाला बांधायची दोरी तपासून घ्यावी, कारण तीच फळीला आपल्यापासून दूर जाऊ देत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख उन्हापासून आणि फळीच्या घासण्यापासून वाचवतो. आपल्या भगिनींना तो अधिक मोकळेपणाही देतो.

वाऱ्याचा अंदाज पाहताना केवळ लाटेची उंची पाहू नये. वाऱ्याची दिशा, त्याचा वेग आणि दोन लाटांमधले सेकंद, हे तिन्ही आकडे एकत्र वाचावेत. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दिलेला असतो आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

पाण्यात काठाकडे परतणारे पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे ओढले जाते. या ओढीशी झुंजणाराच दमून बुडतो. तिच्यात सापडल्यास फळी सोडू नये, हात उंच करून मदत मागावी आणि काठाला समांतर सरकत पट्ट्याबाहेर यावे. काठावर नेहमी एक व्यक्ती अशी असावी, जिचे काम फक्त पाहत राहणे हे आहे. तिच्या हातात मोबाइल नसावा. आपल्या परंपरेत अप्रमाद हा मोठा शब्द आहे, आणि समुद्रकाठी त्याचा अर्थ इतका साधा होतो.

ज्यांना मायदेशी जायचे आहे, त्यांच्यासाठी

उन्हाळ्याच्या सुटीत भारतात जाणाऱ्यांनी जून ते ऑगस्ट कोकण-गोव्याच्या समुद्रात फळी घेऊन उतरण्याचा विचार मनातून काढून टाकावा. त्या काळात कोळीबांधवही होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. डिसेंबरची सुटी मात्र उत्तम. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा मंगळूरनजीकच्या मुळकी येथे त्या दिवसांत लाटा लहान आणि शिकण्याजोग्या असतात, आणि शिकवणारेही भेटतात. ओमानच्या सहलीपूर्वी एखादे कुटुंब तेथे तीन-चार धडे घेऊन आले, तर त्याचा लाभ सर्वांनाच होईल.

कोणाला मागे ठेवू नये

आपल्यातील अनेक बांधव येथे एकटे, कामगारवस्तीत राहतात. त्यांना विमानाचे भाडे आणि सुटी दोन्ही परवडतील असे नाही. पण तलावाची संध्याकाळ आणि एप्रिलमधली समुद्राची सकाळ यांना फारसा खर्च येत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी एक जागा या बांधवांसाठी राखून ठेवावी. आणि शिकण्याच्या रांगेत मुलांच्या आधी आयांना उभे करावे. मूल घाबरते तेव्हा ते आईच्या चेहऱ्याकडे पाहते. तो चेहरा पाण्याला ओळखत असेल, तर मुलाला धीर येतो. ऑक्टोबर लांब नाही. तलावाच्या वेळा विचारून ठेवाव्यात आणि पहिले नाव घरातील थोरांनी नोंदवावे.